आधी खूण, मग गोटी

माझ्या धाकट्या नणंदेला शाळेतली मुलं ढकलबाई म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात. तोंडावर ती नुसती बाई. पण जिन्यात, फाटकाशी, पाण्याच्या नळापाशी ढकलबाई. कारण तिचा एक प्रश्न ठरलेला होता. काहीही हललं की ती विचारायची, "कोणी ढकललं?" आणि हलणारं काही थांबलं की, "कोणी थांबवलं?" दार आपटलं तरी तेच, बाकावरून डबा घरंगळला तरी तेच. नव्याने ऐकणाऱ्याला वाटे, बाई गुन्हेगार शोधताहेत. एका नव्या मुलाने तर रडवेलं होऊन सांगितलं होतं, "मी नाही बाई, यानं ढकललं!" आणि शेजारच्याकडे बोट दाखवलं होतं.

ती सातवीला विज्ञान शिकवायची. पुस्तकात धडे पुष्कळ होते, पण तिचा जीव अडकला होता तो एकाच धड्यात, बल आणि गती.

गोष्ट सांगायला साधी आहे. गोटी जमिनीवर सोडली, थोडी पळाली, थांबली. का थांबली? मुलं म्हणतात, मी म्हणत असे, खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तरही म्हणतात, तिच्यातला जोर संपला. नणंदेचं जन्माचं भांडण होतं ते या उत्तराशी.

"जोर म्हणजे काय बरणीतलं तेल आहे, संपायला?" ती चिडून म्हणायची. "गोटी आपणहून थांबत नाही, वहिनी. जमीन तिला घासते, मागे ओढते. त्याला घर्षण म्हणतात. ते नसतं तर ती जातच राहिली असती."

"कुठवर?"

"जातच."

"आणि भिंत आली तर?"

"मग भिंत थांबवेल. तू मुद्दाम करतेस!"

मी मुद्दामच करीत असे. पण खरं सांगायचं तर मलाही ते कधी पटलं नव्हतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर हाच नियम आमच्याकडून उभं राहून म्हणवून घेत. मी तो एका श्वासात म्हणत असे आणि शाबासकी घेऊन खाली बसत असे. त्याचा अर्थ विचारायचा असतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ही फ्रॉकमध्ये होती. तिला बागेत झोपाळ्यावर न्यायचं काम नव्या सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. इतर मुली म्हणत, अजून जोरात. ही म्हणायची, "वहिनी, आता ढकलू नकोस. हात मागे घे." मी हात मागे घेई. झोपाळा तरी जातच राही, हळूहळू लहान होत थांबे. ही उतरायची आणि मला दटावायची, "तू तर ढकलत नव्हतीस, मग तो का जात होता? आणि जात होता तर थांबला का?" मी म्हणे, "चल घरी, पोळ्या लाटायच्यात." तिला आजतागायत त्याचा राग आहे.

लग्नाचं वय झालं तेव्हा एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, चांगला उंचापुरा. त्याने विचारलं, स्वयंपाक येतो का. हिने उलट विचारलं, "लिफ्ट खाली निघाली की पोटात गोळा का येतो?" त्याने जरा विचार करून सांगितलं, "भीती वाटते म्हणून." तेवढ्यावर हिने नकार दिला. आमचे हे कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, एका गोळ्यापायी नवरा घालवलास!" ती म्हणाली, "दादा, विचार करून सांगितलं त्यानं. न विचार करता सांगितलं असतं तर चाललं असतं." पुढे स्थळं आली, पण कोणी तिच्याकडून प्रश्न विचारून घ्यायला तयार होईना. ती आमच्याकडेच राहिली, आणि हे गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो.

हे गेल्यावरची एक आठवण सांगते. आमच्या खोलीतलं लोखंडी कपाट मला तिथून घरातल्या बोळात हलवायचं होतं. पडल्या पडल्या तेच डोळ्यांसमोर यायचं. आम्ही दोघी खांदा लावून ढकलू लागलो. कपाट ढिम्म. मी शेवटी खाली बसले आणि म्हणाले, "आपल्यात जोरच नाही गं."

ती माझ्याशेजारी फरशीवर बसली. "आहे, वहिनी. आपण ढकलतोय तेवढंच फरशी उलटं ढकलतेय. बरोबरी झालीय, म्हणून हलत नाही. एखादी गोष्ट हलली नाही म्हणजे जोर लागला नाही, असं नसतं."

"मग करायचं काय?"

"आतलं सामान काढायचं. वजन कमी झालं की घासणंही कमी होतं."

मला ते कपाट उघडायचंच नव्हतं. ते तिला ठाऊक होतं. तिने किल्ली फिरवली आणि एकेक कोट काढून माझ्या मांडीवर ठेवत गेली. मग आम्ही पुन्हा ढकललं, तर कपाट असं सरकलं की बोळाच्या भिंतीचा पोपडा निघाला. तो अजून तसाच आहे. गिलावा करणारा येतो म्हणतो आणि येत नाही.

अशी बाई. आता तिच्या शाळेचं सांगते, कारण माझा संताप तिथे आहे.

तिची शिकवायची एक रीत होती, आणि त्या रीतीपुढे ती कोणाचं ऐकत नसे. प्रयोग आधी करायचा नाही. आधी प्रत्येकाने खडूने टेबलावर खूण करायची, गोटी कुठवर जाईल ती. खुणेखाली आपलं आद्याक्षर. मग गोटी. "आधी खूण, मग गोटी," हे ती रोज म्हणायची. कारण खूण केली की माणूस अडकतो. गोटी भलतीकडे थांबली की त्याला स्वतःशी भांडावं लागतं. नुसतं बघणारा म्हणतो, हं, मला वाटलंच होतं.

या भांडणात वेळ जातो. दर वर्षी नवी मुलं येत, दर वर्षी म्हणत, जोर संपला. ही दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात करी. घरी आली की चपला काढता काढता बडबड सुरू. "परत तेच! अगं, माझ्या जुन्या विद्यार्थिनीची मुलगी आहे वर्गात. ती म्हणते, आई सांगते जोर संपतो. म्हणजे मी आईला काय शिकवलं? भिंतीला शिकवलं?"

"चहा घे आधी."

"चहा काय घे!" असं म्हणून ती चहा घ्यायची.

रविवारी आमच्या बोळात प्रयोगाची तालीम चाले. कलती ठेवलेल्या फळीवरून गोट्या सोडायच्या, फरशीवर कुठवर जातात ते बघायचं. माझ्या घरात पाय घसरून पडायची सोय या वयात तिने करून दिली. खालचे पोस्टमास्तर काठीने छत ठोकत. एकदा वर येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या गोट्या माझ्या डोक्यावरून धावतात!"

नणंद म्हणाली, "धावत नाहीत, काका. थांबवलं नाही म्हणून जातात."

"मग थांबवा ना!"



यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला बोलावून घेतलं. ते संभाषण तिने मला घरी येऊन दोन्ही आवाजांत करून दाखवलं.

"बाकीच्या तुकड्या ध्वनीपर्यंत पोचल्या. तुम्ही अजून गोट्या खेळताय."

"मुलांना अजून पटलेलं नाही, मोठ्या बाई."

"पटायचं काय त्यात? व्याख्या पाठ असली की झालं. पुढच्या आठवड्यात तपासणीचे साहेब येताहेत. त्यांच्यासमोर हाच धडा घ्या. नीट झाला तर सातवीचं विज्ञान तुमच्याकडे राहील. नाहीतर शिवणाच्या बाई निवृत्त होताहेत, त्यांचा वर्ग तुम्हाला."

"मला साधा टाका घालता येत नाही!"

"शिकाल. शिक्षकाने सतत शिकत राहावं."

हे शेवटचं वाक्य करून दाखवताना तिचा आवाज फाटला. सातवीचं विज्ञान गेलं तर तिच्याकडे उरायचं काय? घरात मी, आणि शाळेत सुईदोरा.

तिने प्रयोग ठरवला. फळी कलती ठेवायची. फळीवर एक रेघ, गोटी दर वेळी तिथूनच सोडायची. सोडायची, ढकलायची नाही. म्हणजे फळीवरून उतरताना तिचा वेग दर वेळी सारखा. पुढे टेबलावर एकदा सनमायकाची पट्टी, एकदा सतरंजीची आणि एकदा गोणपाटाची. सनमायकावर गोटी खूप लांब जाते, सतरंजीवर कमी, गोणपाटावर चार बोटं गेली न गेली तोच रुतते. गोटी तीच, उतार तोच. मग जोर कोणात कमी-जास्त झाला? कोणातच नाही. फक्त थांबवणारा बदलला. आणि थांबवणारा कमी कमी होत गेला, तर? एवढं मुलांच्या तोंडून आलं की धडा झाला.

गोणपाट आणि सतरंजी तिने आदल्या दिवशी शाळेत नेऊन ठेवली. सनमायकाची पट्टी लांब होती, ती घेऊन आम्ही दोघी बसने निघालो. चालकाने करकचून ब्रेक मारला आणि पट्टी माझ्या हातांतून सटकून पुढच्या माणसाच्या पाठीत बसली.

"आजी, जरा धरा की नीट!" तो पाठ चोळत म्हणाला.

नणंद लगेच सरसावली. "बस थांबली. पट्टीला कोणी थांबवलं होतं? ती आपली जातच होती."

"आता माझ्या पाठीनं थांबवली ना!" तो म्हणाला. नणंदेला इतका आनंद झाला, की त्याची माफी मागायचीच राहून गेली. ती मी मागितली.

शाळेत मला मागच्या बाकावर बसायला मिळालं. प्रयोगशाळा ओळखू येईना इतकी चकचकीत केली होती. शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी दाराशी हात पुसत उभ्या होत्या, चेहऱ्यावर समाधान. साहेब खुर्चीत बसले. मोठ्या बाई त्यांच्या शेजारी.

मुलांनी रांगेने येऊन खुणा केल्या. गोणपाटासाठीच्या सगळ्या खुणा फळीच्या पायथ्याशी दाटल्या होत्या. इतक्या दिवसांचं भांडण वाया गेलं नव्हतं. सनमायकावर गोटी सुसाट गेली. सतरंजीवर मधल्या खुणांत जाऊन थांबली. "कोणी थांबवलं?" "सतरंजीनं!" सगळं सुरळीत. मी पदराआड बोटं गुंफून बसले होते.

मग गोणपाट, मावशींनी आधीच टेबलावर पसरून ठेवलेलं. नणंदेने गोटी सोडली. गोटी उतरली, गोणपाटावर आली आणि न अडखळता चालत राहिली. पायथ्याच्या खुणा मागे पडल्या. सतरंजीची खूणही मागे पडली. आणखी बरीच पुढे जाऊन ती थांबली.

तिने पुन्हा सोडली. पुन्हा तेच.

"हं," साहेब म्हणाले. "गोणपाट खरखरीत. मग गोटी इतकी लांब का गेली, बाई?"

माझ्या नणंदेचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ती गोटीकडे बघत होती, हातात खडू. मोठ्या बाईंनी घसा साफ केला. आणि माझी नणंद, जिने जन्मभर या एका वाक्याशी वैर धरलं, ती म्हणाली, "या वेळी जोर जास्त लागला असेल. तो... तो संपला, तशी थांबली."

मधल्या रांगेतली एक मुलगी ताडकन उभी राहिली. आवाजामुळे तिला सगळे भोंगा म्हणत.

"बाई! जोर संपत नसतो!"

आणि सगळा वर्ग, अगदी एका सुरात, टेबलं बडवत, "कोणी थांबवलं ते सांगा! कोणी थांबवलं ते सांगा!"

भोंगा तर पुढेच आली. "बाई, गोटी तुम्ही सोडली, ढकलली नाही. रेघ तीच. मग जोर जास्त कुठून येईल? गोटी नाही बदलली, फळी नाही बदलली. म्हणजे..." तिने गोणपाटावरून हात फिरवला आणि किंचाळली, "अय्या, हे तर गुळगुळीत आहे! कडक आहे! याला कांजी आहे, बाई!"

सगळी पोरं गोणपाटाला हात लावायला धावली. एक जण म्हणाला, "म्हणून यानं थांबवलंच नाही नीट!" दुसरा म्हणाला, "आता हे सतरंजीपेक्षा कमी घासतंय."

दारातून मावशी म्हणाल्या, "मीच केली ना. साहेब यायचे, आणि टेबलावर ते कुसं निघालेलं पोतं! धुतलं, कांजी घातली, चांगली दाबून इस्त्री केली. काय चुकलं का?"

मी मागच्या बाकावर तोंडाला रुमाल लावून हसत होते. मला वाटलं, जिंकली. याहून चांगला धडा कोणाचा होणार? बाई स्वतः घसरली आणि पोरांनी तिला धरलं. तिनेच त्यांना तसं धरायला शिकवलं होतं. मी साहेबांकडे बघितलं.

साहेब मोठ्या बाईंकडे वळून म्हणाले, "वर्गात शिस्त नाही. मुलं शिक्षिकेवर ओरडतात. प्रयोग फसला." मग त्यांनी वर्गाला विचारलं, "बल म्हणजे काय? व्याख्या सांगा."

भोंगा म्हणाली, "सर, म्हणजे कोणी ढकललं नाही तर कोणी ओढलं ते. नाहीतर थांबवलं ते."

"पुस्तकातली."

ती कोणालाच येत नव्हती. मला येत होती, कॉन्व्हेंटातली, शब्दन्‌शब्द. पण मला कोणी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये नणंद एकच वाक्य परत परत बोलत होती. "मी म्हणाले गं. मीच म्हणाले."

"अगं, पण पोरांनी..."

"मीच म्हणाले, वहिनी!"

त्या आठवड्यात सातवीचं विज्ञान एका नव्या सरांकडे गेलं आणि नणंद शिवणवर्गावर. ती आता घरी येऊन माझ्याकडून हेमची टीप शिकते. तिची टीप वाकडी जाते आणि ती मशीनवर ओरडते. कापडाचा कोपरा दुमडताना मी म्हणते, घाई नको. ती म्हणते, "मला घाई नाही. मला राग आहे." रागाचं मी काय करणार? मी धागा ओवून देते.

मला जास्त राग साहेबांचा, आणि तोही बिनकामाचा. त्यांच्या डोळ्यांसमोर एक अख्खा वर्ग शहाणा झाला आणि त्यांना फक्त आवाज ऐकू आला.

परवा संध्याकाळी घंटा वाजली. दारात नवे सर. मिसरूड नुकतीच फुटल्यासारखा पोरगेला माणूस, घामाघूम.

"मॅडम आहेत?"

नणंद आतूनच म्हणाली, "मी शिवण शिकवते."

"मॅडम, तुमच्या वर्गाला तुम्हीच आवरा," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "मी डस्टर टेबलावर सरकवून दाखवलं. म्हटलं, बघा, बल संपलं, डस्टर थांबलं. तर सगळे ओरडायला लागले, कोणी थांबवलं, कोणी थांबवलं. मी म्हटलं, उभे राहा. तर उभे राहून ओरडायला लागले! ती भोंग्यासारख्या आवाजाची मुलगी म्हणते, सर, आधी खूण करा."

मी नणंदेकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसेल. ती हसली नाही. तिने सुई कापडात खोचली. "मग केली का खूण?"

"कसली खूण?" सर चाचरले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, पण खरंच... संपत नाही ते? मलाही शाळेत असंच शिकवलं होतं."

नणंदेने दीर्घ श्वास सोडला. तो मी ओळखते. दर जूनमध्ये, वर्ग नवा असताना, ती असाच सोडते.

"चपला काढा," ती म्हणाली. "ती फळी घ्या. वहिनी, बटाट्याचं रिकामं पोतं आहे ना? आण. झटकू नकोस."

बोळात फळी लागली, पोतं पसरलं. तिने सरांच्या हातात खडू दिला. सरांनी बराच विचार केला आणि पोत्याच्या पार दुसऱ्या टोकाशी खूण केली. नणंदेने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत अख्ख्या नोकरीचा वैताग होता.

गोटी पोत्यात चार बोटं जाऊन रुतली. सर वाकून बघत राहिले. खालून पोस्टमास्तरांनी काठीने ठोकलं.

"कोणी थांबवलं?" नणंदेने विचारलं.

सरांनी गोटी उचलून पुन्हा रेघेवर धरली. मग थांबले, खडू घेतला आणि आधीची खूण पुसून पायथ्याशी नवी केली.

विज्ञान तिला परत मिळालेलं नाही, आणि मोठ्या बाईंचा नूर बघता मिळणारही नाही. सर फळी आणि पोतं काखेत घेऊन जिना उतरू लागले, तेव्हा ती कठड्यावरून वाकून ओरडत होती. तिचा आवाज चारी मजल्यांवर गेला असणार.

"धुवू नका ते! आणि मावशींच्या नजरेला पडू देऊ नका!"